डांगराची कंदुरी

रविवारी सकाळी आमच्या घरात पहिला आवाज व्हायचा तो पाट्यावरच्या वरवंट्याचा, आणि वरवंटा ओढत असायचे अण्णा, माझे वडील. एरवी आठवडाभर त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा कधी स्वतःच्या हातानं भरून घेतला नाही. रविवारी मात्र धोतराचा काचा मारून ते पाट्यापुढं बसत आणि मायला चुलीजवळ फिरकू देत नसत. "बाईमानसानं भाकरी थापावी. मटन हे गड्याचं काम हाय," असं म्हणत भाजलेलं खोबरं, कांदा आणि येसर असं बारीक वाटत की बोटाला कण लागू नये. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं आमच्या मराठवाड्याचं पीठ. त्याचा रस्सा ज्यानं खाल्ला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. माय समोर बसून कांदे सोलायची आणि त्यांची टर उडवायची. "काय ते वाटनं! सासूबाईनं पोरगी म्हनून वाढवलं व्हतं काय तुमाला?" अण्णा नुसते हसायचे. रस्सा उतरला की पहिली नळी मायच्या ताटात पडायची. ती ताटाच्या काठावर ठोकून ठोकून माय आतला गर ओढायची, आणि तो आवाज ऐकून भिंतीपलीकडच्या हमीदाखाला ओरडायच्या, "क्या गे, आज बी नली तेरेकूच मिली?" माय भरल्या तोंडानं हसायची. माझी आई आठवायची म्हटलं की मी इथूनच सुरुवात करते, कारण पुढची माय निराळी होती.

घर शहागंजच्या मागच्या बोळात, दोन खोल्यांचं. अंगण हमीदाखालांचं आणि आमचं एकच. त्यांच्या कोंबड्या आमच्या उंबऱ्यावर आणि आमचे पापड त्यांच्या बाजेवर. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आता पाटीवर छत्रपती संभाजीनगर आहे आणि माझ्या तोंडून ज्या वेळी जे येईल ते येतं. बोळाच्या तोंडाशी अण्णांचं दुकान होतं. दावी, कासरे, म्होरक्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा असा सगळा माल. शाळेतून येताना घुंगरांचा आवाज आला की समजायचं, अण्णा कुणाला तरी माळ वाजवून दाखवताहेत. दावं घ्यायला आलेला शेतकरी घुंगुरमाळ घेऊन जायचा, मग त्याच्याकडं बैल असो नसो. गिऱ्हाईक "बगून येतो" म्हणून पायरी उतरलं की अण्णांना दुपारचं जेवण गोड लागत नसे. गल्ल्याची हाव त्यांना कधीच नव्हती. आपण चांगली वस्तू पुढं ठेवली आणि समोरच्याला ती पटली नाही, हे त्यांना सोसायचं नाही. माय म्हणायची, "ह्यांनी हो म्हटल्यावर दुनियेनं बी हो म्हटलं पायजे, न्हाई तर ह्यांना जेवन जात न्हाई." तेव्हा आम्ही त्यावर हसत होतो.

मी चालायला फार उशिरा लागले. बरोबरीची पोरं अंगणात पळायची तेव्हा मी बुडावर सरकत होते. दवाखाने झाले, तेलं झाली. शेवटी मायनं माहेरच्या पीराला साकडं घातलं. तिचं माहेर लासूर स्टेशनच्या पलीकडं, बैलगाडीच्या वाटेवरचं एक गाव. "पोरगी पायावर उभी ऱ्हाऊ दे, तुजी कंदुरी करीन," असा नवस ती बोलली. कंदुरी म्हणजे काय हे आमच्या भागातल्या शेतकरी घरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. नवस बोलणारा हिंदू, पीर दर्ग्यातला. नवसाचा बोकड दर्ग्याचा मुजावर कापणार, फातेहा म्हणणार, पहिला निवद पीराला, आणि मग सगळी भावकी तिथंच झाडाखाली बसून जेवणार. उरलेलं घरी न्यायचं नाही, जागेवरच संपवायचं. यात कोण कुणाचा, असा प्रश्न कुणाला पडल्याचं मी लहानपणी तरी ऐकलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात मी भिंत धरून उभी राहिले. तेल लागू पडलं, वय झालं, की पीर पावला, मला माहीत नाही. मायला माहीत होतं. माझ्या पायांना तेल चोळताना ती म्हणायची, "हे पाय अजून तुजे न्हाईत, शांते. उसने हायेत. कंदुरी झाली की तुजे." मी रात्री पांघरुणात पाय हलवून बघायची, अजून आहेत ना ते.

कंदुरी लांबत गेली, कारण मधेच आमचा धाकटा काका विहिरीत पडून गेला. अण्णांनी त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याला खांदा देऊन आले त्या दिवसापासून अण्णा प्यायला लागले. आधी रविवारचा मसाला बाटली शेजारी ठेवून वाटला जाऊ लागला, मग मसाला राहिला आणि बाटलीच उरली. दुकानाची फळी दुपारपर्यंत लागलेली असायची. माझा मामा, भानुदासमामा, लासूरहून ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन यायचा, अंगणात ठेवायचा आणि अण्णांना एक शब्द न बोलता पाणी पिऊन परत जायचा. अण्णांचे हात तेव्हा सकाळी थरथरायचे. घुंगुरमाळ उचलली की ती विकण्याआधीच वाजायला लागायची.

मग कुणीतरी गिऱ्हाईकच त्यांना गावाबाहेरच्या एका महाराजांच्या बैठकीला घेऊन गेलं. दर गुरुवारी बैठक. दारू नाही, मांस नाही, घरच्या देवाखेरीज कुठं नवस नाही. अण्णा गेले, पुन्हा गेले, आणि आम्हाला खरं वाटेना, पण बाटली सुटली. दुकानाची फळी पुन्हा सकाळी उघडू लागली. मायनं महाराजांच्या तसबिरीला हळदकुंकू वाहिलं आणि पदरात तोंड घालून रडली. मी आस्तिक की नास्तिक हे मला या वयातही धड सांगता येत नाही, पण त्या बैठकीनं माझा बाप मला परत दिला हे मी नाकारणार नाही. सगळी पंचाईत तिथंच झाली. वाईट गोष्ट कुणी गळ्यात घातली तर माणूस ती काढून फेकतो. जिनं घर वाचवलं तिला नाही कसं म्हणायचं?

आता अण्णांना हा नवा माल सगळ्यांना दाखवायचा होता. आधी घर. मटणाचं पातेलं राखेनं घासून मोडीत दिलं गेलं. पाटा धुतला, वरवंटा धुतला, माय आणि मी धुतलो. जेवताना अण्णा मांसाहाराचे तोटे सांगू लागले, आणि त्यांच्या बोलण्यातलं 'हाय' जाऊन 'आहे' आलं. दुकानात दावं मोजून देता देता ते शेतकऱ्याला विचारत, "आठवड्यातून किती जीव खाता?" एक म्हातारा म्हणाला, "दावं द्या बापा, जीव घरी बायको खाती तेवढा बास हाय." अण्णांना त्यावर अजिबात हसू आलं नाही. त्यांनी हमीदाखालांच्या नवऱ्यालाही समजावून बघितलं. तेव्हा खाला पडद्याआडून म्हणाल्या, "भाईजान, तुमारी दारू छूटी, हमना लई खुशी हुई. पन हमारा चूल्हा हमारेकूच देखने दो." त्या ईदेला त्यांनी शीरखुर्मा नव्या भांड्यात पाठवला. भांडं मुद्दाम विकत आणलं होतं, मटण कधी न लागलेलं, तुमच्या घरचंच समजा म्हणून. माय ते भांडं घेऊन दारात उभीच राहिली. पूर्वी खाला ताटावर ताट झाकून पाठवायच्या आणि ते ताट दिवाळीला फराळ भरून परत जायचं.

मायनं एकदाही वाद घातला नाही. रविवारी ती वांग्याची भाजी करायची, अण्णा "वा" म्हणायचे आणि तिच्याकडं बघत राहायचे. तिनंही "वा" म्हणावं अशी त्यांची इच्छा असायची. तिनं नुसतं मान्य करून भागत नव्हतं, तिला आवडलंही पाहिजे होतं. एकदा त्यांनी विचारलंच, "आता हलकं वाटतं की नाही?" माय म्हणाली, "वाटतं की." तिचं लक्ष भिंतीपलीकडून येणाऱ्या वासाकडं होतं हे मला कळत होतं. अण्णांना तेवढं 'वाटतं की' पुरलं आणि ते खुशीत दुकानात गेले.

तिकडं मामानं बोकड पाळला होता. पिलू असतानाच त्यानं तो नवसासाठी वेगळा काढला, सरदार असं नाव ठेवलं, आपल्या हातानं पाला खाऊ घालून वाढवला. माझ्या बाराव्या-तेराव्या वर्षी मामाचा निरोप आला, "सरदार आता दावं तोडायला लागलाय. आक्काला म्हनावं, पोरगी लग्नाची व्हायच्या आत उरकून घेऊ." संध्याकाळी अण्णा जेवायला बसल्यावर मायनं विषय काढला तो भाकरी तव्यावर टाकता टाकता, त्यांच्याकडं पाठ करून. अण्णांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "दिलेला शब्द फेडला पाहिजे. जाऊ." मायनं वळून बघितलं. तिचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी तसा बघितला. दुसऱ्याच दिवसापासून तिनं येसर भाजायला घेतलं, आणि भाजता भाजता गुणगुणत होती. अण्णा विरघळले असं तिला वाटलं, मलाही वाटलं. आम्ही दोघी अण्णांना इतकी वर्षं ओळखत होतो, तरी दावं मागायला आलेल्याला ते घुंगुरमाळ देऊन पाठवतात हे विसरलो.

पॅसेंजरनं निघालो. मायच्या मांडीवर येसरचा डबा, माझ्या अंगात नवं परकर-पोलकं, आणि अण्णांच्या पायाशी तोंड बांधलेलं पोतं. "काय हाय ह्येच्यात?" मायनं विचारलं. "निवद," अण्णा म्हणाले. नारळ असतील असं समजून ती खिडकीबाहेर बघत बसली. स्टेशनवर मामा गाडी जुंपून उभा होता. त्यानं मला उचलून गाडीत न ठेवता खाली उभं केलं आणि म्हणाला, "चालून दाव बरं." मी चालून दाखवलं. मामा धिप्पाड माणूस, पण त्यानं पटका सारखा करायच्या निमित्तानं डोळे पुसले ते मी बघितलं.

दर्गा गावाबाहेर ओढ्याच्या काठाला, चुना लावलेला, शेजारी मोठी लिंबाची झाडं. झाडाखाली दगडांच्या चुली मांडलेल्या, बायका ओळीनं भाकरी थापत बसलेल्या, कांदा भाजल्याचा खरपूस वास. मामाची भावकी सकाळपासून जमलेली. सरदार बुंध्याला बांधलेला, गळ्यात झेंडूची माळ, आणि ती माळ तो मान वाकडी करून स्वतःच खात होता. मुजावर चाँदभाई, हे माझ्या आईला लहानपणापासून ओळखणारे म्हातारे गृहस्थ, हात धुऊन तयार होते. मायनं गेल्या गेल्या पदर खोचला आणि बायकांत जाऊन पिठात हात घातले. तेव्हा अण्णांनी पोत्याचं तोंड सोडलं. आतून निघालं एक भलंमोठं डांगर. शहरातली माणसं त्याला लाल भोपळा म्हणतात. ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून अण्णा झाडाखाली आले आणि म्हणाले, "भानुदास, बोकड सोड. कंदुरी ह्याची करायची."

आधी लोक हसले. मामाही हसला. "दाजी, थट्टा पुरं. चुलीवर आधन ठिवलंय."

"थट्टा नाही. जिवाच्या जागी फळ चालतं. देवाच्या दारात रक्त कशाला?"

"नवस माज्या भैनीचा हाय," मामा सावकाश म्हणाला. "बोलली तवा ती बोकड बोलली. तुमी न्हवता बोलला."

"मग तिलाच विचारू," अण्णा म्हणाले आणि मायकडं वळले. तिनं पिठाचे हात तसेच धरून उठून उभं राहायला वेळ घेतला. भाकऱ्यांचे आवाज थांबले होते. अण्णा म्हणाले, "सांग. मी जबरदस्ती करत नाही."

"तुमी म्हनाल तसं," माय खाली बघून म्हणाली.

इथं ते थांबले असते तर पुष्कळ काही वाचलं असतं. मामानं दाजीला चार शिव्या दिल्या असत्या, बहिणीची कीव केली असती आणि वर्षभरात दोघं पुन्हा एका ताटात जेवले असते. पण गिऱ्हाईक मुकाट्यानं माल घेऊन निघालं तर अण्णांचं कधी समाधान झालं होतं? "माझ्यासाठी नको," ते म्हणाले. "तुला स्वतःला पटलंय का, ते सगळ्यांसमोर सांग."

मायनं माझ्या पायांकडं बघितलं. मी उगीच एक पाय दुसऱ्या पायामागं लपवला. मग तिनं अण्णांच्या हातांकडं बघितलं, आणि तिच्या मागोमाग माझीही नजर तिकडं गेली. डांगरावरचे त्यांचे हात थरथरत होते, अगदी त्या दिवसांतल्या सकाळी थरथरायचे तसे. मी नंतर कधी मायला विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती. भावकीसमोर हा माणूस आज पडला तर परतीच्या वाटेवर कुठल्या गुत्त्याशी उतरेल, हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, "नगा कापू बोकड. मला पटलंय."

"पटलंय," मामानं शब्द परत म्हटला. त्यानं मायकडं अशा नजरेनं बघितलं की जणू ओळख पटत नव्हती. मग तो सरदारजवळ गेला, गळ्यातलं दावं सोडलं, नीट गुंडाळलं आणि मायच्या पिठाच्या हातात ठेवलं. "तुमच्या दुकानचं हाय, आक्का. घिऊन जा." एवढं बोलून तो ओढ्याकडं चालायला लागला. नवसाला सोडलेला बोकड कुणी घरी नेत नाही. सरदार मोकळा झाला तरी तिथंच उभा राहून उरलेली माळ खात होता.

चाँदभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि अण्णांना हळूच म्हणाले, "पीर तो कुछ नै बोलते, दाजी. पन ये इत्ते लोगां आये सो, उनकू मैं क्या बोलूं?" मग त्यांनीच डांगर हातात घेतलं, फोडलं, डोळे मिटून फातेहा म्हटला. मटणासाठी वाटलेला मसाला होताच. त्यात डांगराच्या फोडी शिजल्या, वरून मायचं येसर पडलं. ते चवीला काय झालं होतं म्हणता! गोड की तिखट ते जिभेला ठरवता येईना. माणसं पंगतीला बसली, कारण निवद नाकारता येत नाही. एक म्हातारा पहिल्या घासानंतर म्हणाला, "निवद झाला. आता जेवायला कुठं जायाचं?" आणि पंगत हसली. मी त्या हसण्यावर अजून रागावलेली आहे. माणसं भराभर उठली, गाड्या जुंपून गेली. मामा ओढ्यावरून आलाच नाही. पातेलं निम्मं उरलं, आणि कंदुरीचं उरलेलं घरी न्यायचं नाही. तेव्हा माय एकटी खाली बसली, ताट घेतलं आणि खायला लागली. संपलं की पुन्हा वाढून घ्यायची. तिला जात नव्हतं हे दिसत होतं, घास गिळताना ती डोळे मिटत होती. शेवटी चाँदभाईंनी तिच्या पुढचं पातेलं ओढलं, "बस गे बेटी," म्हणाले, आणि भाकरी चुरून ते सगळं सरदारपुढं ठेवलं. सरदारनं आपली कंदुरी मान हलवत जेवून टाकली. परतीच्या गाडीत अण्णा मोकळे झाले होते, हातही स्थिर होते. "बघ, किती सोपं होतं," ते मायला म्हणाले. तिच्या मांडीवर येसरचा रिकामा डबा होता, त्यात ते दावं ठेवलेलं होतं.

सरदार पुढं बरीच वर्षं दर्ग्यावर जगला. लठ्ठ झाला, येणाऱ्या-जाणाऱ्याला ढुशी मारायचा, आणि गावात त्याला 'दाजीचा बोकड' म्हणायचे. त्या दिवाळीला मामा भाऊबीजेला आला नाही. मायनं ताम्हणात दिवा लावून दुपारपर्यंत वाट बघितली. पुढच्या दिवाळीला पुन्हा लावला. नंतर मी लावू दिला नाही. मामा माझ्या लग्नाला आला, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आधी गेला. तो अंथरुणाला खिळला तेव्हा मी मायला घेऊन गेले. मामीनं आम्हाला जेवायला वाढलं, आणि मायचं पान जरा बाजूला मांडलं होतं. "तुमचं येगळ्या भांड्यात केलंय, वन्स. इटाळ व्हायला नको," मामी म्हणाली. ती कुचकटपणानं बोलली नव्हती, तेच वाईट. आपल्या बापाच्या घरात माय पाहुणीसारखी अंग चोरून जेवली. मामा भिंतीकडं तोंड करून पडला होता. महिनाभरात तो गेला.

अण्णांनी असं का केलं, याचा विचार मी आयुष्यभर केला, आणि उत्तर त्यांनीच दिलं, फार उशिरा. दुकान बंद झालं होतं, दोघं माझ्या घराजवळच खोली घेऊन राहायला आले होते. एका संध्याकाळी शेजारच्या घरातून मटणाच्या फोडणीचा वास आला. अण्णांनी नाकाला उपरणं लावलं आणि सहज म्हणाले, "हा वास आला की अजून घशाशी बाटली येते. बैठकीत महाराज सांगायचे जीवदया. मला कसली जीवदया, शांते? मला तो वास घरात नको होता." मी विचारलं, "हे मायला कधी सांगितलं का?" ते माझ्याकडं बघत म्हणाले, "बायकोला काय सांगायचं? की मला भीती वाटते?" मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी उठून आत गेले. हे एक वाक्य त्यांनी चुलीपाशी बसून म्हटलं असतं तर मायनं त्याच दिवशी मटण सोडलं असतं, आपल्या तोंडानं भावाला सांगितलं असतं, आणि मामानं तो बोकड आनंदानं पीराच्या नावानं सोडून दिला असता. स्वतःची भीती सांगायची लाज वाटली म्हणून त्यांनी त्या भीतीचाच धर्म केला, आणि धर्म झाला की तो सगळ्यांना लागू. एकट्यानं उभं राहायचा भरवसा नाही, म्हणून घरच्या माणसांना ओढून दोन्ही बाजूंना उभं करायचं. हे आता मला सगळीकडं दिसतं. जो जितका मोठ्यानं दुसऱ्याला पटवतो, त्याच्या हातांकडं मी बघून घेते.

आणि मायचं काय झालं ते तर अजून सांगायचं आहे. तोंडानं म्हटलेलं 'पटलंय' तिला हळूहळू खरंच पटलं. भावाची किंमत देऊन घेतलेली वस्तू खोटी कशी म्हणायची? ती अण्णांपेक्षा कडक झाली. मी सासरी मटण खायची म्हणून माझ्या घरी आली की आपला पेला पिशवीतून घेऊन यायची. एकदा माझ्या नातवानं उकडलेलं अंडं खाल्लं तर तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि त्याला जीवदया सांगू लागली. शब्द सगळे अण्णांचे. मी दारात उभी राहून ऐकत होते. ही तीच बाई, नळी ठोकणारी, यावर माझाच विश्वास बसेना.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत अण्णांना विसरायचा आजार झाला. आधी माणसं गेली, मग महाराज गेले, तसबिरीकडं बोट करून "हे कोन?" म्हणायचे. बोलण्यातलं 'आहे' जाऊन पुन्हा 'हाय' आलं. एका रविवारी ते बाजेवर उठून बसले आणि मायला म्हणाले, "आज मटन काऊन न्हाई? पाटा काढ. भानुदासला बी सांगावा धाड, सरदार मोठा झाला आसंल." माय भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. ते दिवसभर तेच मागत राहिले, दुसऱ्या दिवशीही. जेवण बंद केलं. मी मायला म्हटलं, "माझ्या स्वयंपाकघरात शिजवते, दोन घास खाऊ दे त्यांना. आता कसली भीती?" माय म्हणाली, "न्हाई. ह्या घरात न्हाई." मी चिडून विचारलं, "का पण? ज्यांनी बंद केलं तेच मागताहेत ना?" तेव्हा ती म्हणाली, "ही वाट त्येंनी दावली, शांते. मी भावाला सोडून त्येंच्या मागं चालत आले. आता ते मागं वळले, तर मी एकटीनं कुठं जावं?"

पण तिला त्यांचं उपाशी राहणंही बघवेना. दुपारी तिनं डबे धुंडाळून येसर काढलं, खोबरं भाजलं, कांदा भाजला. मिक्सर होता तरी पाटा मांडला, आणि या वयात वरवंटा ओढला. तो आवाज ऐकून अण्णा बाजेवर ताठ बसले, लहान मुलासारखे दाराकडं बघत. मायनं ताट आणून त्यांच्यापुढं ठेवलं. लालभडक रस्सा, वर तवंग, भाकरी. त्यांनी अधाशासारखा घास घेतला, चावला आणि थांबले. बोटांनी फोड दाबून बघितली.

"हे तर डांगर हाय," ते म्हणाले.

"व्हय," माय म्हणाली.

"येवढा झकास मसाला, अन् त्येच्यात डांगर?" त्यांचा आवाज चढला. "कुनी सांगितलं तुला असलं करायला?"

माय त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता ती बोलेल, इतक्या वर्षांचं सगळं एकदाचं बोलेल. ती म्हणाली, "व्हता एक मानूस. भला व्हता. पन लई हट्टी."

"मग ऐकलंस काऊन त्याचं?" अण्णांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

त्यांचं ताट मायनं आपल्याकडं ओढून घेतलं आणि उरलेलं डांगर, डोळे मिटून, शेवटच्या फोडीपर्यंत खाऊन संपवलं.